मेंदूची इजा आणि मरणाची भाषा : अरुणा शानभाग व मारुती डुबल प्रकरणांतील संहितांचे पुनर्वाचन

१. प्रस्तावना

मेंदूला झालेली इजा हा विषय आपल्याकडे प्रायः वैद्यकशास्त्राच्या हद्दीत ठेवला जातो. इजा कोठे झाली, रक्तस्राव किती झाला, शस्त्रक्रिया करावी की न करावी, हे प्रश्न डॉक्टरांचे आहेत आणि ते त्यांनीच सोडवावयाचे आहेत, याबद्दल दुमत नाही. परंतु शस्त्रक्रिया संपल्यानंतर जो प्रश्न उरतो तो वैद्यकशास्त्राचा एकट्याचा नसतो. ही व्यक्ती आता कोण आहे? तिला काय म्हणावयाचे? तिच्या वतीने कोणी बोलावयाचे? या प्रश्नांची उत्तरे भाषेत घडतात. पुस्तके, न्यायनिर्णय, वृत्तपत्रे आणि घरातील बोलणे यांतून ती घडतात. म्हणूनच ती साहित्यसमीक्षेच्या कक्षेत येतात.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात मेंदूच्या इजेची दोन प्रकरणे विशेष गाजली. पहिले अरुणा रामचंद्र शानभाग यांचे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील ही परिचारिका १९७३ साली प्राणघातक हल्ल्याला बळी पडली आणि त्यानंतर २०१५ पर्यंत त्याच रुग्णालयात राहिली. दुसरे मारुती श्रीपती डुबल यांचे. मुंबई पोलीस दलातील या शिपायाच्या डोक्याला १९८१ साली रस्त्यावरील अपघातात मार लागला, आणि पुढे त्यांच्या नावाने मुंबई उच्च न्यायालयात एक महत्त्वाचा खटला उभा राहिला. दोन्ही प्रकरणे आज कायद्याच्या वर्गात शिकविली जातात. दोन्ही ‘मरणाच्या अधिकारा’च्या धड्यात शिकविली जातात. जगणे बदललेल्या दोन माणसांचे स्मरण आपण केवळ मरणाच्या संदर्भात करतो, ही बाब योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

या प्रकरणांभोवती निर्माण झालेल्या संहितांनी मेंदूच्या इजेविषयी बोलण्याऐवजी मरणाविषयीच बोलणे कसे पसंत केले, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कोणत्याही न्यायालयाचा निर्णय चूक की बरोबर, हे ठरविण्याचा येथे प्रयत्न नाही. वाचन कोठे थांबले, एवढेच पाहावयाचे आहे.

२. आवश्यक पूर्वपीठिका

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते. परंतु विश्रांत अवस्थेत शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू तो एकटा वापरतो. हा पुरवठा पूर्णपणे थांबला तर काही मिनिटांतच पेशी मरू लागतात. इजेचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. एक आघाताचा : डोके आपटते, मेंदू कवटीच्या आत हिंदकळतो, आदळलेल्या बाजूस व कित्येकदा तिच्या विरुद्ध बाजूसही जखम होते, तंतू ताणले जातात, रक्त साकळते. दुसरा प्राणवायूच्या अभावाचा : गळा आवळणे, बुडणे, हृदय थांबणे. डुबल यांची इजा पहिल्या प्रकारची, तर शानभाग यांची मुख्यतः दुसऱ्या प्रकारची होती.

परिणाम इजेच्या जागेवर व व्याप्तीवर अवलंबून असतात. कपाळामागील भागाला मार लागला तर माणूस चालतो, बोलतो, जेवतो. पण त्याचा संयम, नियोजन व प्रसंग ओळखण्याची क्षमता ढळते. कानशिलामागील भागात इजा झाली तर स्मृती वा भाषा जाते. मेंदूचे वरचे आवरण मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले आणि मेंदूकांडातील केंद्रे मात्र टिकली, तर श्वास चालतो, झोप-जागेचे चक्र चालते, डोळे उघडतात. पण जाणिवेची खूण सापडत नाही.

या शेवटच्या अवस्थेला १९७२ साली ब्रायन जेनेट व फ्रेड प्लम यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात नाव दिले. त्यांच्या इंग्रजी संज्ञेचे मराठीकरण आपण ‘वनस्पतिवत अवस्था’ असे केले. मूळ संज्ञेत शरीराच्या आपोआप चालणाऱ्या क्रियांचा अर्थ अभिप्रेत होता. मराठीत मात्र सरळ झाडपाला आला. पुढे २००२ साली ‘किमान जाणिवेची अवस्था’ ही वेगळी वर्गवारी निकषांसह मांडली गेली. २००६ साली एड्रियन ओवेन व सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये एका तरुण स्त्रीविषयी लिहिले. अपघातानंतर ती वनस्पतिवत अवस्थेत असल्याचे निदान झाले होते. परंतु टेनिस खेळत असल्याची कल्पना करावयास सांगितल्यावर तिच्या मेंदूत निरोगी माणसासारखीच हालचाल दिसली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वनस्पतिवत अवस्थेचे निदान झालेल्या ४४ रुग्णांपैकी १८ जणांत प्रमाणित मोजपट्टीने तपासल्यावर किमान जाणीव आढळली. २०१० साली युरोपातील तज्ज्ञांनी ‘वनस्पती’चा उल्लेख टाळून ‘प्रतिसादहीन जागृती’ असे नाव सुचविले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, बाहेरून आज्ञेला प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूत आज्ञा पाळल्याची चिन्हे मिळाली.

या घडामोडींवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. इजाग्रस्त मेंदूविषयीचे ज्ञान सतत बदलत आहे. आणि त्या बदलाबरोबर शास्त्रज्ञांनी आपली भाषाही बदलली. आपल्या सार्वजनिक मराठीने ती बदलली काय, हा पुढील विवेचनाचा प्रश्न आहे.

३. अरुणा शानभाग : तीन संहिता

कर्नाटकातील हळदीपूर येथून मुंबईस आलेल्या अरुणा शानभाग केईएममध्ये परिचारिका म्हणून काम करीत होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातीलच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळला व लैंगिक अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सापडल्या. मेंदूचा प्राणवायू तुटल्यामुळे झालेली इजा कायमची ठरली. आरोपीला खुनाचा प्रयत्न व लूट यांबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. लैंगिक अत्याचाराचा गुन्हा मात्र त्याच्यावर लागला नाही. म्हणजे या प्रकरणातील पहिले मौन अरुणाचे नव्हते, ते नोंदीचे होते.

पहिली संहिता पत्रकार पिंकी विराणी यांचे १९९८ सालचे इंग्रजी पुस्तक ‘अरुणाज् स्टोरी’ ही होय. या पुस्तकाचे ऋण मान्य केले पाहिजे. गुन्ह्याची दडलेली बाजू व रुग्णालयातील परिचारिकांची असुरक्षितता त्याने लोकांसमोर आणली. समीक्षेच्या अंगाने पाहता मात्र या पुस्तकाची एक रचनात्मक अडचण लक्षात येते. हल्ल्यापूर्वीची अरुणा कादंबरीच्या रीतीने उभी राहते. तिला संवाद आहेत, स्वप्ने आहेत, ठरलेले लग्न आहे. हल्ल्यानंतरची अरुणा मात्र वर्णनाचा विषय होते. पूर्वार्धात ती कर्ता आहे, उत्तरार्धात कर्म. हे अटळ होते असे कोणी म्हणेल, कारण बोलत नसलेल्या व्यक्तीचे अंतरंग लेखिकेने कसे लिहावे? परंतु पूर्वार्धातील अंतरंगही पुनर्रचितच आहे. कल्पनेचा जो अधिकार हल्ल्यापूर्वीच्या जीवनासाठी वापरला, तो हल्ल्यानंतरच्या जीवनाच्या दाराशी थांबला. परिणामी वाचकाच्या मनात असे ठसते की अरुणा १९७३ सालीच संपली आणि उरले ते शरीर.

हीच अडचण रंगभूमीसमोरही येते. दत्तकुमार देसाई यांचे ‘कथा अरुणाची’ हे नाटक १९९४-९५च्या सुमारास महाविद्यालयीन पातळीवर झाले आणि २००२ साली विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले. संवाद हे ज्या कलेचे मुख्य साधन, त्या कलेने संवाद हरपलेल्या व्यक्तीस नायिका करणे हे मोठेच आव्हान होय. मराठी नाटकाने ते स्वीकारले, ही गोष्ट नोंदविण्याजोगी आहे.

दुसरी संहिता वैद्यकीय अहवालाची. विराणी यांनी अरुणाची ‘निकट मित्र’ म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली व अन्न देणे थांबवून तिला शांतपणे मरू द्यावे अशी मागणी केली. न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये तीन डॉक्टरांची समिती नेमली : जे. व्ही. दिवाटिया, रूप गुरसहानी आणि नीलेश शहा. समितीचा अहवाल या साऱ्या प्रकरणातील सर्वांत संयत लेखन आहे. अरुणा मेंदूमृत नाही व कोमातही नाही, हे त्यात स्पष्ट नोंदविले आहे. कायमच्या वनस्पतिवत अवस्थेचे बहुतेक निकष ती पूर्ण करते, असे समिती म्हणते. ‘बहुतेक’ या शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. भोवती माणसांची गर्दी झाली की ती आवाज करते, अस्वस्थ होते, असे निरीक्षणही तेथे आहे. जाणिवेचा निश्चित पुरावा मात्र समितीला आढळला नाही. दिसले ते लिहावयाचे आणि त्याचा अर्थ पुराव्यापलीकडे ताणावयाचा नाही, ही शिस्त त्या लेखनात आहे.

याउलट वृत्तपत्रांनी ‘कोमा’ हाच शब्द वर्षानुवर्षे चालविला. २०११ साली समितीने तो स्पष्टपणे नाकारल्यानंतरही मे २०१५ मध्ये अरुणाच्या मृत्यूच्या बातम्यांत ‘४२ वर्षे कोमात’ हे शब्द पुन्हा आले. कोमा म्हणजे मिटलेल्या डोळ्यांची, न जागविता येणारी बेशुद्धी. अरुणाचे डोळे उघडत होते, ती झोपत होती व जागी होत होती. चार दशकांच्या वर्णनात आपण तिला एक योग्य शब्दही देऊ शकलो नाही.

तिसरी संहिता म्हणजे ७ मार्च २०११ चा न्यायनिर्णय. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू व न्यायमूर्ती ज्ञानसुधा मिश्रा यांच्या पीठाने याचिका नाकारली, परंतु उच्च न्यायालयाच्या परवानगीच्या अटीवर निष्क्रिय दयामरणाला तत्त्वतः मान्यता दिली. अरुणाचे ‘निकट मित्र’ विराणी नसून केईएमचे कर्मचारी आहेत, हा त्यातील कळीचा निष्कर्ष होय. निर्णयाचा आरंभ मात्र गालिबच्या एका शेराने होतो. त्या शेरातील ‘मी’ मरणाची आस धरून बसला आहे आणि मरण त्याला हुलकावणी देत आहे. शेर सुंदर आहे. येथे तो चुकीच्या ओठांवर ठेवला गेला. गालिब बोलू शकत होता, इच्छा करू शकत होता, इच्छेवर विनोदही करू शकत होता. अरुणाला इच्छा आहे किंवा नाही, हाच तर न्यायालयापुढील न उलगडणारा भाग होता. पुढे येणाऱ्या शेकडो परिच्छेदांनी जे सिद्ध होऊ शकले नाही, ते पहिल्याच दोन ओळींनी गृहीत धरले. साहित्य न्यायनिर्णयात अलंकार म्हणून शिरते तेव्हा ते युक्तिवादाचेही काम करून जाते, याचे हे उत्तम उदाहरण ठरावे.

४. ‘इच्छामरण’ या शब्दाची चिकित्सा

मराठीत या विषयासाठी दोन शब्द रूढ आहेत : दयामरण व इच्छामरण. बोलण्यात व छापण्यात ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. वस्तुतः त्यांचे अर्थ निराळे आहेत. दयामरणात दया करणारा दुसरा असतो. इच्छामरणात इच्छा करणारा स्वतः असतो.

इच्छामरण म्हटल्यावर मराठी मनात प्रथम भीष्म येतात. शरपंजरी पडलेले भीष्म उत्तरायणाची वाट पाहतात आणि त्या अवधीत धर्मराजाला राजधर्मापासून मोक्षधर्मापर्यंत उपदेश करतात. त्यांचे शरीर जखमी आहे, वाणी व बुद्धी अखंड आहेत. आधुनिक काळातही महाराष्ट्राने अशी मरणे पाहिली. विनायक दामोदर सावरकर यांनी अन्नपाणी सोडून २६ फेब्रुवारी १९६६ रोजी देह ठेवला. विनोबा भावे यांनी पवनार येथे अन्न, पाणी व औषध नाकारून १५ नोव्हेंबर १९८२ रोजी देह ठेवला. ज्ञानेश्वरांच्या संजीवन समाधीचे स्मरण तर आळंदीची वारी करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात असते. या परंपरेत मरण हे जाणिवेचे शेवटचे व सर्वांत प्रगल्भ कृत्य आहे.

या सर्व उदाहरणांत मेंदू शाबूत आहे, हे आपल्या लक्षात येत नाही. परंपरेने घडविलेला हा शब्द आपण अशा अवस्थेला लावतो जिच्यात नेमकी इच्छेचीच जागा जखमी झाली आहे. ‘अरुणाला इच्छामरण द्या’ या वाक्यात इच्छा कोणाची आणि ते देणारा कोण, याचा मेळ व्याकरणानेही बसत नाही. भीष्माचे मरण कोणी दिले नव्हते.

९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ‘कॉमन कॉज’ खटल्यात सन्मानाने मरण्याचा अधिकार मान्य केला व आगाऊ वैद्यकीय निर्देशाची वाट मोकळी केली. २०२३ साली त्यासंबंधीची कार्यपद्धती सुलभ करण्यात आली. मेंदू शाबूत असताना इच्छा लिहून ठेवता येते, हे या निर्णयाचे मोठे श्रेय होय. तेथे ‘इच्छा’ हा शब्द खरा ठरतो. पण ज्याने असे काही लिहिले नाही आणि तिशीच्या आत दुचाकीवरून पडला, त्याच्या बाबतीत प्रश्न पुन्हा १९७३ च्याच जागी येऊन उभा राहतो.

५. मारुती डुबल : दुर्लक्षित अर्धे वाक्य

कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत ‘मारुती श्रीपती डुबल विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा खटला भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ संदर्भात येतो. १९८५ साली मुंबई महानगरपालिकेच्या कार्यालयाबाहेर डुबल यांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. त्यांच्यावर आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला. १९८६ साली न्यायमूर्ती पी. बी. सावंत व न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील यांच्या खंडपीठाने हे कलमच घटनाबाह्य ठरविले. पुढे १९९४ च्या पी. रथिनम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तशीच भूमिका घेतली आणि १९९६ च्या ग्यान कौर खटल्यात घटनापीठाने ती उलटविली. इतका इतिहास विद्यार्थी पाठ करतात.

या इतिहासात एक अर्धे वाक्य असते : ‘रस्त्यावरील अपघातात डोक्याला मार लागल्यानंतर त्यांना मानसिक आजार जडला होता.’ खटल्याच्या पार्श्वभूमीत ते येते आणि लगेच मागे पडते. वस्तुतः साऱ्या घटनेची किल्ली तेथे असण्याची शक्यता आहे. नोकरीत असलेला एक शिपाई. अपघात. डोक्याला इजा. त्यानंतर बदललेले वागणे, मानसोपचार, आणि चार वर्षांनी एका सरकारी दारापुढील तो प्रसंग. डोक्याच्या इजेनंतर नैराश्य, चिडचिड, आवेगावरील ताबा सुटणे, क्वचित भ्रम होणे, हे परिणाम वैद्यकशास्त्राला परिचित आहेत. इजा झालेल्यांत आत्महत्येचा धोका वाढतो, हेही अभ्यासांनी दाखविले आहे. एका विशिष्ट व्यक्तीच्या बाबतीत इजा व आजार यांचा कार्यकारणसंबंध सिद्ध करणे अवघड असते, हे मान्य. म्हणूनच ‘किल्ली आहे’ असे न म्हणता ‘असण्याची शक्यता आहे’ असे म्हटले आहे. आक्षेप एवढाच की त्या शक्यतेचे वाचनच झाले नाही.

खंडपीठाच्या न्यायाने हे सांगितले पाहिजे की मानसिक विकारामुळे असा प्रयत्न करणाऱ्याला तुरुंगाची नव्हे, उपचाराची गरज असते, असे मत त्या निर्णयात आहे. १९८६ साली हे म्हणणे धाडसाचे होते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असे गृहीत धरण्याची तरतूद झाली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०९ सारखे सर्वसाधारण कलम राहिले नाही. मात्र लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न तेथे आजही गुन्हा आहे. सरकारी दारापुढील इजाग्रस्त माणसाचे कृत्य दबाव समजावयाचे की लक्षण, हा डुबल प्रकरणातील प्रश्न त्यामुळे अजून निकालात निघालेला नाही.

जगाच्या वैद्यकीय इतिहासात याला समांतर उदाहरण फिनिआस गेज याचे आहे. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रेल्वेच्या कामावर स्फोट होऊन एक लोखंडी कांब त्याच्या डोक्यातून आरपार गेली. तो वाचला, पण त्याच्या परिचितांना तो पूर्वीचा गेज वाटेना. मानसशास्त्राच्या पुस्तकांत त्याची कथा बहुधा येथेच थांबते. पुढे त्याने चिली देशात काही वर्षे घोडागाडी हाकण्याचे काम केले, रस्ते, प्रवासी व घोडे सांभाळले, ही बाजू अलीकडील संशोधकांनी पुढे आणली. म्हणजे इजेनंतरही काही परत आले होते. कथेला मात्र ऱ्हासच हवा होता. डुबल यांच्या बाबतीत आपल्याला तत्त्व हवे होते. दोन्ही ठिकाणी माणसाचे पुढचे जीवन वाचकांनी विचारलेच नाही.

६. परिचारिकांची संहिता

अरुणा प्रकरणात एक चौथी संहिताही आहे. ती ग्रंथरूपात नाही. केईएमच्या परिचारिकांनी चार दशके पाळीपाळीने तिची जी शुश्रूषा केली, ती ही संहिता. हल्ल्यानंतर मुंबईतील परिचारिकांनी सुरक्षिततेसाठी संप केला. पुढे महापालिकेने तिला रुग्णालयातून हलविण्याचा विचार केला तेव्हा त्यांनीच विरोध केला. २०१० च्या सप्टेंबरपर्यंत तिला कुस्करलेले अन्न तोंडाने भरविले जात होते. आजारपणानंतर नळीने अन्न देणे भाग पडले. इतकी वर्षे अंथरुणावर असूनही तिला शय्याव्रण झाले नाही, ही बाब न्यायालयापुढेही आली. जो कोणी घरात अंथरुणाला खिळलेले माणूस सांभाळतो त्याला या एका वाक्याचे वजन कळेल. कूस बदलणे, अंग पुसणे, चादर सरळ करणे, त्वचा पाहणे, आणि हे सर्व रात्रीही करणे; शय्याव्रणाचा अभाव म्हणजे या कामाची हजारो दिवसांची नोंद.

या संहितेचेही चिकित्सक वाचन आवश्यक आहे. मासळी दिली की तिला आवडते, ती हसते, असे कर्मचारी सांगत. डॉक्टरांना जाणिवेचा निश्चित पुरावा मिळाला नाही. प्रेमाने पाहणारा डोळा प्रतिक्षिप्त हालचालीत अर्थ पाहू शकतो, ही शंका रास्त आहे. त्याचबरोबर तज्ज्ञांची भेट काही तासांची असते, सांभाळणाऱ्यांची वर्षांची. आणि जाणीव येते-जाते अशा रुग्णांत वारंवार पाहणे हेच निदानाचे साधन ठरते. तिसरा मुद्दा असा की प्रौढ स्त्रीला लहान मुलाप्रमाणे वागविण्याची प्रवृत्ती अशा शुश्रूषेत शिरते. साठी ओलांडलेली अरुणा परिचारिकांच्या बोलण्यात मूलच राहिली. वनस्पती म्हणणे जसे अपुरे तसे बाळ म्हणणेही अपुरेच.

तरीही या चार संहितांपैकी एकच संहिता वर्तमानकाळात लिहिली गेली. पुस्तक भूतकाळाचे, अहवाल निदानाचे, निर्णय मरणाचे. आज हिने काय खाल्ले, हे विचारणारी परिचारिका तेवढी तिच्या चालू जीवनाविषयी बोलत होती. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणाचा मृत्यू झाला, तेव्हा अंत्यसंस्कारालाही हेच लोक पुढे होते. विधिशास्त्रातील ‘निकट मित्र’ ही कोरडी संज्ञा येथे आपल्या शब्दार्थाला जागली.

७. महामार्गालगतची बोली

हा विषय मुंबईपुरता नाही. पुणे-सोलापूर महामार्गालगत कासुर्डी, यवत, केडगाव या पट्ट्यात राहणाऱ्यांना डोक्याची इजा हा शब्द परका नाही. महाविद्यालयात येणारी मुले दुचाकीवर येतात. गळिताच्या हंगामात उसाचे ट्रॅक्टर अंधारात रस्त्याच्या कडेला उभे असतात. हेल्मेट बऱ्याचदा आरशाला अडकविलेले असते. पुण्याच्या रुग्णालयातून घरी आलेल्या रुग्णाविषयी गावात काही ठरावीक वाक्ये ऐकू येतात : ‘डोक्यात रगत साकळलं’, ‘कोमात गेला व्हता’, ‘डोक्यावर परिणाम झालाय’, आणि शेवटी, ‘आता पह्यल्यासारखा राह्यला न्हाई’.

या वाक्यांचे मोल समजून घेतले पाहिजे. ‘डोक्यावर परिणाम झालाय’ हे वाक्य इजा, वेड व हट्ट यांची सरमिसळ करते. त्यामुळे उपचाराऐवजी टोमणा किंवा देवऋषी वाट्याला येतो. त्याउलट ‘पह्यल्यासारखा राह्यला न्हाई’ हे वाक्य विलक्षण अचूक आहे. त्यात माणूस गेला असे म्हटलेले नाही; तो आहे, पण निराळा आहे, एवढेच म्हटले आहे. गेजच्या परिचितांनी जे म्हटले त्याहून ते अधिक न्याय्य आहे. पाठ्यपुस्तकी मराठीने ‘वनस्पतिवत’, ‘जिवंत प्रेत’ हे शब्द घडविले तेव्हा बोलीत हा शहाणा पर्याय तयारच होता.

मात्र या वाक्याला शासकीय अर्जात रकाना नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले, हे स्वागतार्ह होय. परंतु त्या यादीत मेंदूची आघातजन्य इजा हा स्वतंत्र प्रकार नाही. हातपाय लुळे पडले तर तो अस्थिव्यंगाच्या रकान्यात बसतो, वाचा गेली तर वाचादोषाच्या, भ्रम झाला तर मानसिक आजाराच्या. ज्याचे हातपाय व वाचा ठीक आहेत, पण स्मरण टिकत नाही, राग आवरत नाही, दुधाचा हिशोब जमत नाही, असा तरुण कोणत्याच रकान्यात नीट बसत नाही. बाहेरून तो धडधाकट दिसतो. त्याची जबाबदारी बहुधा आईवर वा पत्नीवर पडते, आणि तिच्या श्रमाची नोंद कोठेच होत नाही. केईएमच्या परिचारिकांना निदान न्यायालयाने पाहिले. कासुर्डीच्या ओसरीवरील परिचारिकेला कोणी पाहिलेले नाही.

वर्गातही हाच प्रश्न येतो. अपघातानंतर वर्षभराने परतलेला विद्यार्थी टिपणे लिहिताना मागे पडतो, मध्येच उठून जातो, साध्या बोलण्यावर भडकतो. आपण त्यास बेशिस्त म्हणतो. डुबल प्रकरणातील ते अर्धे वाक्य नीट वाचलेला अध्यापक कदाचित प्रथम विचारील, ‘तुला डोक्याला कधी मार लागला होता का?’

८. निष्कर्ष

१. मेंदूच्या इजेची महाराष्ट्रातील दोन प्रमुख प्रकरणे मरणाच्या अधिकाराची प्रकरणे म्हणूनच वाचली गेली. त्यामुळे इजेसह जगण्याचा विषय कायदा, पत्रकारिता व साहित्य या तिन्ही क्षेत्रांत मागे पडला.

२. ‘कोमा’, ‘वनस्पतिवत’ व ‘इच्छामरण’ हे रूढ शब्द इजाग्रस्त व्यक्तीचे वर्णन करण्याऐवजी तिचा निकाल लावतात. विशेषतः ‘इच्छामरण’ हा शब्द शाबूत जाणिवेच्या परंपरेतून आला असून तो जाणीव हरपलेल्या अवस्थेला लावणे अर्थदृष्ट्या असमर्थनीय आहे.

३. उपचार नाकारण्याचा अधिकार व इजेसह जगण्याची तरतूद हे परस्परविरोधी नाहीत. पहिल्याविषयी २०११ व २०१८ च्या निर्णयांनी भाषा घडविली. दुसऱ्याविषयीची भाषा घडावयाची आहे. दिव्यांगत्वाच्या यादीत या इजेला स्वतंत्र स्थान मिळणे ही तिची पहिली पायरी ठरू शकेल.

४. त्या भाषेची बीजे दोन ठिकाणी आढळतात : परिचारिकांच्या वर्तमानकाळी नोंदीत आणि बोलीतील ‘पह्यल्यासारखा राह्यला न्हाई’ या वाक्यात. हे वाक्य शेवट म्हणून ऐकू नये. ‘मग आता कसा आहे?’ हा त्यापुढचा प्रश्न विचारणे, हे वाचकाचे, अध्यापकाचे व शेजाऱ्याचेही काम आहे.